केडगावचा भरवसा

संकटात माणसाचे स्वतःचे बळ सरते, तेव्हा त्याने आपला भार देवावर टाकावा, ही शिकवण बहुतेक सगळ्या धर्मांत आढळते. मराठी माणसाला ती वेगळी सांगावी लागत नाही. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्या होरपळीतूनच त्यांची विठ्ठलभक्ती तावून सुलाखून निघाली. जनाबाईचे दळण दळायला विठ्ठल येऊन बसतो, ही कथा जात्यावर बसणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली मानली. पण ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हणही मराठीतच आहे, आणि ती कोणी कौतुकाने म्हणत नाही. देवावर भार टाकणे कुठे संपते आणि हातपाय गाळून बसणे कुठे सुरू होते, हा प्रश्न जुना आहे आणि अवघडही आहे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न दोन दुष्काळांच्या रूपाने उभा राहिला. पहिल्या दुष्काळाने त्यांचे घरदार गिळले. दुसऱ्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना मरणाच्या दारातून परत आणले. दोन्ही वेळा आधार देवाचाच होता. मात्र पहिल्या वेळी देवावर ठेवलेला विश्वास आणि दुसऱ्या वेळचा विश्वास यांत मोठे अंतर आहे, आणि रमाबाईंच्या चरित्रातला सगळ्यांत मोलाचा भाग हेच अंतर आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ या रानातल्या वस्तीत झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यापायी भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. रानात आश्रम थाटून त्यांनी विद्यार्थी शिकवले, पाहुण्यांचे आदरातिथ्य केले, आणि अखेर कर्जबाजारी होऊन कुटुंबासह तीर्थयात्रेला बाहेर पडले. तान्ह्या रमाबाई वेताच्या टोपलीतून या प्रवासाला निघाल्या. पुढची कित्येक वर्षे या कुटुंबाला घर असे नव्हतेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे धान्य, फुले, पैसे ठेवतील त्यावर गुजराण करायची आणि पुढचे क्षेत्र गाठायचे. आईने वाटेतच मुलीला शिकवले. बाराव्या वर्षी रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाची श्रद्धा काही कमी नव्हती. रमाबाईंनी पुढे आपल्या लेखनात ते दिवस सविस्तर लिहून ठेवले आहेत. उपास, प्रदक्षिणा, तीर्थस्नाने, ब्राह्मणांना दाने, सगळे यथासांग चालू होते. देव प्रसन्न होईल, धन देईल, या आशेवर गाठीचा पैसा दानधर्मात गेला. मग दागिने विकले, चांगली वस्त्रे विकली, शेवटी भांडी विकली. कोणी कष्टाचे काम करावे, मजुरी करावी, हा विचारही घरात आला नाही. विद्वान ब्राह्मणाच्या घराण्याला ते शोभणारे नव्हते, आणि पुराणे सांगण्यापलीकडचा कोणताही व्यवहार मुलांना शिकवलेला नव्हता. तांदळाचा शेवटचा दाणा संपला, तेव्हा सगळे कुटुंब मरायचे ठरवून रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्या.

म्हातारे, आंधळे झालेले अनंतशास्त्री मग पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायला निघाले. त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. धाकट्या मुलीला जवळ घेऊन, नीतीने राहा, आयुष्यभर देवाची सेवा कर, असे सांगितले. त्या क्षणी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो आणि तुम्हाला पोसतो, असे तो म्हणाला. जलसमाधीचा बेत रद्द झाला, पण फार उशीर झाला होता. उपासमारीने श्रीनिवासच्या अंगात काम करण्याचे त्राण उरले नव्हते. गावाबाहेरच्या एका पडक्या देवळात वडिलांनी प्राण सोडला. काही आठवड्यांत आई गेली. तिला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास झाला आणि चौथ्या जागी सोळा वर्षांची रमा उभी राहिली. तिची उंची कमी असल्यामुळे तिला तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही गेली.

उरलेल्या भावाबहिणींनी हजारो मैल पायपीट केली. पार उत्तरेला झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. भुकेपोटी रानबोरे साल आणि आठळीसकट गिळली. एवढे होऊनही नेमधर्म त्यांनी सोडले नव्हते. पण शास्त्रात सांगितलेले सगळे करूनही फळ मिळाले नाही, हे रमाबाईंना स्पष्ट दिसत होते, आणि लहानपणापासूनची श्रद्धा हळूहळू आटत गेली.

अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाला आळशी म्हणणे हा अन्याय होईल. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जेवढे व्रताचरण केले, तेवढे फार थोड्यांना जमेल. मात्र त्यांच्या श्रद्धेला देवाणघेवाणीचे रूप आले होते. इतक्या प्रदक्षिणा, इतके दान, तर इतके फळ असा तो हिशेब होता. म्हणजे बाहेरून पाहता भार देवावर होता, पण आतून तो माणसाच्या पुण्यकर्मावर, त्याच्या कमाईवर होता. शिवाय कुळाच्या अभिमानाने हात बांधलेले होते. श्रीनिवासने ते सोडवले, तेव्हा अंगातले बळच संपले होते.

१८७८ साली भावंडे कलकत्त्याला पोचली आणि रमाबाईंचे नशीब पालटले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, याचे तिथल्या पंडितांना अपार नवल वाटले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण दैवाचे घाव थांबले नाहीत. १८८०मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. हा विवाह आंतरजातीय होता. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचेही निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

तेवीस वर्षांची ही विधवा पुण्यात आली, तिने आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली आणि १८८३मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ती इंग्लंडला गेली. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होणे राहिले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे दोन वर्षे व्याख्याने देत फिरल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७च्या अखेरीस बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या विधवाश्रमाला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी असलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी, बाया कर्वे, म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या.

इथवरच्या रमाबाई स्वतःच्या बळावर उभ्या असलेल्या दिसतात. विद्वत्ता, वक्तृत्व, जिद्द, तीन खंडांतल्या ओळखी, काय नव्हते त्यांच्याकडे? त्या काळात त्यांच्याइतके स्वतःचे सामर्थ्य असलेली दुसरी स्त्री महाराष्ट्रात शोधून सापडली नसती. म्हणूनच पुढचे वळण समजून घेण्याजोगे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या आसपास, विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांना ते वाचताना जाणवले. धर्म बदलला तरी मनाची रीत जुनीच राहिली होती. चांगले वागून, नेम पाळून, कष्ट करून देवाच्या पसंतीला उतरायचे, हा वडिलांच्या वेळचा हिशेब अजून चालूच होता. देवाची कृपा कमावता येत नाही, ती हात पसरून घ्यायची असते, हे त्यांना तेव्हा उमगले. अध्यात्माच्या भाषेत याला शरणागती म्हणतात, आणि वारकऱ्यालाही ती अनोळखी नाही.

कसोटीची फार वाट पाहावी लागली नाही. १८९३मध्ये शारदा सदनातल्या काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्याच्या बातमीने पुण्यात वादळ उठले. टिळकांच्या ‘केसरी’ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांचा राग समजण्यासारखा होता; धार्मिक तटस्थतेच्या वचनावर सदन उभे राहिले होते. रमाबाईंच्या बाजूने पाहता, ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याचा आधार एका फटक्यात गेला. बोस्टनची मुदतही १८९८मध्ये संपणार होती. तेव्हा पुढच्या सोयीसाठी त्यांनी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत होता. पुढे जे घडले ते मात्र कोणाच्याच बेतात नव्हते.

याच काळात जॉर्ज म्यूलर यांच्या कार्याचा रमाबाईंवर ठसा उमटला. म्यूलर हे जन्माने प्रशियाचे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांनी हजारो अनाथ मुलांना सांभाळले. पगार घ्यायचा नाही, कोणापुढे पैशासाठी हात पसरायचा नाही, गरज असेल ती प्रार्थनेत देवाला सांगायची, आणि आलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवून छापायचा, अशी त्यांची पद्धत होती. अशा रीतीने चाललेल्या संस्था त्या काळी इतरही होत्या. श्रीमंत आश्रयदाता शोधण्यापेक्षा हा मार्ग कठीण, कारण उद्याच्या जेवणाची तजवीज आज हातात नसते.

दुष्काळाच्या आधी लोणावळ्याला भरलेल्या एका ख्रिस्ती मेळाव्यात रमाबाईंनी आपल्या पंधरा मुलींना बरोबर घेऊन प्रार्थना केली: या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस मुली दे. हाताशी असलेली साधने लक्षात घेतली तर ही मागणी व्यवहाराला सोडून वाटते.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि बोस्टनचा पैसा त्याच कामासाठी बांधलेला होता. दुष्काळग्रस्तांसाठी रमाबाईंजवळ वेगळी रक्कम नव्हती, जागा नव्हती, माणसे नव्हती. पण बावीस वर्षांपूर्वी आपण काय भोगले ते त्या विसरू शकत नव्हत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या मदतकेंद्रांत आणि अन्नछत्रांत त्यांना भुकेने मरणारी माणसे तर दिसलीच, शिवाय पोरक्या मुलींना फूस लावून नेणारे लोकही दिसले. मग मोजणी न करता त्यांनी मुली गोळा केल्या आणि गटागटाने पुण्याला धाडल्या. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या. दोनशे पंचवीसचा आकडा केव्हाच मागे पडला.

एवढ्यात पुण्यात प्लेग शिरला आणि शहरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला फळबाग होती, इमारती नव्हत्या. तंबू आणि गवती झोपड्या उभारून मुलींना तिकडे हलवले. दुष्काळातून आलेल्या मुलीची अवस्था बघवत नसे. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, अंगभर फोड, हाडांचा सापळा झालेला. भुकेची दहशत इतकी, की समोर आलेले अन्न ती लपवून ठेवी, दुसरीच्या हातातले ओढून घेई. तिला न्हाऊ घालायचे, औषध लावायचे, थोडेथोडे खाऊ घालत भरवसा द्यायचा की उद्याही जेवण मिळणार आहे. कित्येकजणी आल्यावर दगावल्या. हे काम शारदा सदनात शिकलेल्या विधवांनी अंगावर घेतले. समाजाने निरुपयोगी ठरवलेल्या या बायका आता एकेका गटाच्या आई झाल्या होत्या. केडगावच्या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत हृद्य आहे. देवाचे बळ दुर्बळांच्या हातून काम करते, असे ख्रिस्ती धर्मग्रंथ सांगतो. ते इथे कपडे धुणाऱ्या आणि जखमा पुसणाऱ्या हातांतून दिसले.

या वसाहतीला मुक्ती सदन हे नाव मिळाले. १८९८च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली, पण मुक्तीच्या वाढत्या कुटुंबाला पुरे पडेल असे बांधलेले उत्पन्न कुठूनच नव्हते. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून लहानमोठ्या देणग्या टपालाने येत. कधी वेळेवर, कधी कोठार तळाला गेल्यावर. अशा परिस्थितीत १८९९-१९०० साली गुजरात आणि राजपुतान्यात पुन्हा दुष्काळ पडला. पुरेल तेवढ्यांनाच सांभाळू, असे म्हणण्याला कोणी नावे ठेवली नसती. रमाबाईंनी आपल्या हाताखालच्या बायकांना गुजरातेत पाठवले, आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

खाटल्यावरच्या हरीचा आक्षेप इथे टिकत नाही. मुक्तीत पहाटेच्या प्रार्थनेनंतर दिवसभर कोणी रिकामे नसे. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धुलाई, छापखाना, सगळे बायकाच चालवत. विहिरी खोल केल्या, नव्या खणल्या. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. जिच्या घराण्यात मजुरी हलकी मानली गेली होती, तिने प्रत्येक मुलीला हातात कसब देण्याचा आग्रह धरला. रमाबाईंचा भरवसा कामाऐवजी नव्हता, कामाच्या आधी होता. आपल्याला झेपेल तेवढेच काम घ्यायचे, ही मर्यादा त्या भरवशाने काढून टाकली. काम मात्र कमी केले नाही. देवावर भिस्त ठेवणारा माणूस निष्क्रिय होतो, असे म्हणणाऱ्यांनी केडगावचे दप्तर जरूर पाहावे.

तो भरवसा मुकाट्याने सोसणाराही नव्हता. १८९७मध्ये प्लेगच्या सरकारी इस्पितळांत आणि विलगीकरण छावण्यांत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याबद्दल रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघड लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, तरी त्या आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. परदेशी देणगीदारांवर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या बाईने हे धाडस करणे सोपे नव्हते. ज्याचा शेवटचा आधार माणसांत नसतो, त्याला माणसांची भीतीही कमी वाटते, हे यातून दिसते.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. तिची वार्ता जगभर गेली. काही मिशनऱ्यांनी तो भावनेचा अतिरेक ठरवला. रमाबाईंनी तिचे स्वागत केले आणि कामाची घडी मोडू दिली नाही. त्यांच्यावरचे इतर आक्षेपही पुढे चालू राहिले. धर्मांतराचा मुद्दा महाराष्ट्राने कधी विसरला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या कामाची दखल घेण्यात मराठी समाज दीर्घकाळ हात आखडत राहिला. ही उपेक्षा त्या कामाला शोभणारी नव्हती.

शेवटची पंधराएक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. आधीचे मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर होते, मुक्तीतल्या खेडवळ बायकांना ते कळत नसे. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथ सोप्या मराठीत आणायला घेतला. हे काम चालू असतानाच सर्वांत जिव्हारी घाव बसला. मनोरमाबाईंना त्यांनी संस्थेची वारस म्हणून घडवले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्या चाळिसाव्या वर्षी वारल्या. आईवडील, भावंडे, पती आणि आता एकुलती एक मुलगी. बहिऱ्या, थकलेल्या, त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाईंनी दुःखाची ओरड केली नाही आणि हातातले मुद्रितही बाजूला ठेवले नाही. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावलाच देह ठेवला.

मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. संस्थापिका आणि तिची वारस दोघी गेल्यावर संस्था बंद पडेल, असे अनेकांना वाटले होते. रमाबाई मुक्ती मिशन या नावाने तिचे काम केडगावला आजही सुरू आहे.